मातीच्या जुन्या घरातलं स्वयंपाकघर नव्याने करताना: कामाचा क्रम, मापं आणि नेहमी होणाऱ्या चुका

गावाकडच्या जुन्या घरात स्वयंपाकघर नवं करायचं ठरलं की पहिली खरेदी बहुतेक ग्रॅनाइटची आणि टाइल्सची होते. गवंडी येतो, मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करतो, त्यावर टाइल्स बसतात. दोन पावसाळ्यांत टाइल्स पोकळ वाजू लागतात, तिसऱ्यात गिलाव्यासकट सुटतात आणि मागची भिंत भुसभुशीत झालेली दिसते. यात टाइल्सचा दोष नसतो. मातीची भिंत खालून ओल ओढते आणि दोन्ही अंगांनी ती हवेत सोडते. सिमेंटने तिचं तोंड बंद केलं की ओल आतच साठते.

म्हणून या घरात कामाची सुरुवात पाण्यापासून करायची: आधी छपराचं, मग भिंतीच्या पायथ्याचं, मग मोरीचं. ओटा त्यानंतर. खालचे टप्पे याच क्रमाने दिले आहेत. मापं धरली आहेत ती साधारण १२ × १० फुटांच्या खोलीसाठी, दीड ते दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंती, सागवानी लाकूडकाम आणि कवेलूचं छप्पर असलेल्या विदर्भातल्या घरासाठी.

## १. काम कधी काढायचं

संक्रांतीनंतर सुरू करून मृग लागायच्या आत, म्हणजे ७ जूनच्या आधी संपवायचं. दिवाळीनंतर कापूस वेचणी आणि मग तुरीमुळे मजूर मिळत नाहीत, मिळाले तरी अर्ध्यातून जातात. मातीचा आणि चुन्याचा गिलावा फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकला पाहिजे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की गिलावा वरून वाळतो, आतून कच्चा राहतो आणि फाटतो. कवेलू फेरणं मात्र एप्रिल-मेमध्येच सोयीचं. त्यामुळे छपराच्या लाकडाची दुरुस्ती आणि गळक्या जागा आधी हातावेगळ्या करा, पूर्ण फेरणी शेवटी ठेवा.

पाहणी मात्र त्याच्या आधीच्या श्रावणात करायची. ओल कुठून येते हे उन्हाळ्यात दिसत नाही.

घर भावाभावांत सामाईक असेल तर नमुना ८ वर (ग्रामपंचायतीकडच्या घराच्या उताऱ्यावर) कोणाची नावं आहेत ते पाहून, ज्या भिंतीला हात लावायचा तिच्याबद्दल लेखी संमती घ्या. तोंडी होकारावर भिंत फोडली की काम मध्येच थांबतं, आणि उघडी भिंत पावसात उभी राहते.

दोन-तीन महिने घरचा स्वयंपाक कुठे होणार हेही आधीच ठरवा. छपरीत किंवा ओसरीत एका कडेला तात्पुरती मांडणी करा: शेगडी टेबलावर, सिलिंडर मोकळ्या हवेत आणि सावलीत, पाण्याचा माठ शेगडीपासून दूर. ही सोय न केल्यामुळे घरची माणसं अर्धवट ओट्यावर स्वयंपाक सुरू करतात, आणि ओला चुना, तेल, वाफ सगळं एकत्र होतं.

देवघर स्वयंपाकघरातच असेल तर ते जागेवर राहणार की माजघरात जाणार, याचा निर्णय घरातल्या मोठ्यांनी पहिल्याच दिवशी द्यायला हवा. नंतर बदललं तर खिडकी, ओटा आणि वायरिंग तिन्ही बदलतात.

## २. पाहणी: चार गोष्टी तपासा

भार कशावर आहे. खांब आणि तुळया असतील तर छपराचं वजन लाकडावर असतं, भिंत फक्त आडोसा असते. म्याल (छपराचं किंवा माळ्याचं वजन पेलणारी आडवी लाकडं) थेट भिंतीवर टेकलेले असतील तर ती भिंत भाराची. माळ्यावर चढून प्रत्येक म्यालाची दोन्ही टोकं कशावर टेकली आहेत ते बघा आणि कागदावर काढून ठेवा. आवाजावरून अंदाज करू नका.

लाकडाची टोकं. म्याल मधून ठणठणीत असतो आणि भिंतीत शिरलेल्या टोकाला कुजतो. पेचकस दाबून बघा. अर्धा इंच सहज आत गेला तर तेवढं टोक बदलायचं.

भेगा. प्रत्येक भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहा. काळ्या मातीवरची घरं उन्हाळ्यात जमीन फाटली की थोडी खचतात आणि पावसाळ्यात उचलली जातात. मे महिन्यात उघडणारी आणि श्रावणात मिटणारी भेग या मातीची सवय आहे. रेघेच्या पुढे सरकत जाणारी, किंवा वरून रुंद आणि खाली बारीक असलेली कोपऱ्यातली भेग दिसली तर बांधकामातल्या जाणकाराला दाखवल्याशिवाय पुढचं काहीही करू नका.

ओल. जमिनीवर एक फूट चौरस प्लास्टिकचा कागद अंथरून कडांवर रेती टाका. ४८ तासांनी कागदाच्या खालच्या बाजूला थेंब दिसले तर ओल खालून येते. भिंतीवर ओलीची रेघ किती उंच आहे तेही मोजा. फूट-दीड फुटापर्यंत असेल तर ओल जमिनीतून येते. वरून खाली ओघळलेली असेल तर छपरातून.

## ३. छप्पर आणि भिंतीचा पायथा

फुटलेले कवेलू बदला, कुजलेल्या रिपा आणि वासे काढा, आढ्यावरचे कवेलू नीट दाबून बसवा. माकडांचा त्रास असलेल्या गावात कवेलूऐवजी टिन टाकायचा मोह होतो, पण स्वयंपाकघरावर उघडा टिन टाकला की एप्रिलपासून दुपारी आत उभं राहवत नाही. टिन टाकायचाच असेल तर तो जुन्या कवेलूच्या वर, मध्ये ४ ते ६ इंच हवा खेळेल अशी जागा सोडून टाका. त्यासाठी खालचं लाकूड तेवढं वजन पेलेल का हे सुताराला आधी बघू द्या. उजेडासाठी उत्तरेकडच्या उतारावर काचेचे दोन-तीन कवेलू बसवले की दिवसा दिवा लागत नाही.

आता वळचण. छपराचं पाणी भिंतीच्या पायथ्याशी पडून उडत असेल तर आतल्या कामाचा काही उपयोग होणार नाही. वळचण भिंतीच्या दोन फूट पुढे न्या. पायथ्यापासून तीन फुटांचा पट्टा मुरमाने भरून धुम्मसाने ठोका आणि बाहेरच्या बाजूला दीड-दोन इंच उतार द्या. वर्षानुवर्षं अंगणात माती टाकून टाकून बाहेरची पातळी आतल्या जमिनीइतकी झालेली असते. ती खरवडून निदान दीड फूट खाली न्या. मात्र भिंतीचा पाया उघडा पडायला लागला तर तिथेच थांबा.

बाहेरून सिमेंटचा गिलावा आधीच मारलेला असेल तर खालचा तीन फुटांचा पट्टा काढा, पण एकदम नाही. चार-चार फुटांचे तुकडे एकाआड एक करून काढायचे, कारण आतली माती ओली असेल तर ती गिलाव्यासोबत ढासळते. काढल्यावर निदान महिनाभर उघडी वाळू द्या.

तपासा: पायथ्याशी दोन बादल्या पाणी ओता. ते भिंतीपासून दूर वाहिलं पाहिजे. तिथेच डबकं साचलं तर उतार पुन्हा करा, पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

## ४. काजळी, चूल आणि वाळवी

चुलीचा धूर बंद झाला की छपराच्या लाकडाला किडे लागतात. इतकी वर्षं धुरानेच ते राखलं होतं. गॅसवर आलेल्या घरांत पाच-सात वर्षांनी वाशांतून पिवळी भुकटी पडायला लागते ती यामुळेच. म्हणून चूल हलवण्याच्या आधी लाकडाची व्यवस्था करा: काजळी तारेच्या ब्रशने कोरडीच झाडा, मग बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाण्यातलं द्रावण दोन हात मारा. दुसरा हात पहिला वाळल्यावर. भिंतीत शिरलेल्या टोकांना जास्त पाजा. वॉर्निश त्यानंतर. आधी वॉर्निश मारलं तर द्रावण आत मुरत नाही.

भिंतीवरच्या काजळीवर थेट चुना किंवा रंग देऊ नका. महिन्याभरात पिवळे-तपकिरी डाग वर येतात, कितीही हात मारले तरी येतातच. काजळी मुरलेला गिलावा खरवडून काढणं हाच खरा उपाय आहे.

चूल मात्र मोडून टाकू नका. रोडगे, पुरणाचा घाट, वाळवणाच्या दिवसांतलं मोठं रांधणं हे गॅसवर होत नाही. परसदारी टिनाचा किंवा कवेलूचा पडवा काढून चूल तिथे हलवा. ज्या खोलीत सिलिंडर आहे तिथे चूल ठेवायची नाही, कोपऱ्यातसुद्धा नाही.

वाळवीचं औषध जमीन उखडल्यावर आणि भरणी व्हायच्या आधी द्यायचं. भिंत आणि जमीन मिळते त्या रेषेवर दर एक फुटाला भोक पाडून प्रत्येक भोकात साधारण एक लिटर द्रावण जिरवतात. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के एससी हे त्यासाठीचं औषध. प्रमाण १ लिटर पाण्याला २.१ मिली. डब्यावर वेगळं लिहिलं असेल तर डब्यावरचंच पाळा. शेतात फवारायचं कुठलंही उरलेलं औषध इथे वापरू नका.

सावधान: विहीर किंवा बोअर घराला लागून असेल तर औषध ओतण्याआधी वाळवीचं काम करणाऱ्याला ती जागा दाखवा. धान्य, पीठ, लोणच्याच्या बरण्या सगळं आधी दुसऱ्या खोलीत न्या.

## ५. खिडकी पाडणे

जुन्या स्वयंपाकघरात एखादा झरोका असतो. ओट्यासाठी खिडकी हवीच. मातीच्या भिंतीत ती तीन फुटांपेक्षा रुंद नको आणि कोपऱ्यापासून निदान दोन फूट दूर हवी.

क्रम असा. भिंतीवर म्याल असतील तर आधी दोन्ही अंगांनी बल्ल्यांचा टेकू द्या. मग खिडकीच्या वरच्या रेषेवर, फक्त आतल्या अर्ध्या जाडीत, आडवी खाच काढा आणि त्यात सागवानी पाटा बसवा. दोन्ही बाजूंना तो एक-एक फूट भिंतीवर टेकला पाहिजे, म्हणजे तीन फुटांच्या खिडकीला पाच फुटांचा पाटा. वरची फट चिपा आणि गाऱ्याने गच्च भरा. दोन-तीन दिवसांनी बाहेरच्या बाजूने उरलेल्या जाडीत तसाच दुसरा पाटा. दोन्ही पक्के झाल्यावरच खालची माती वरून खाली काढत यायची.

आधी भगदाड पाडून मग वर पाटा घालणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. भिंत त्याच दिवशी पडेलच असं नाही, पण वरची माती सुटते आणि पावसाळ्यात बसते.

खिडकीला गजांमध्ये तीन इंचांपेक्षा जास्त फट नको आणि आतून बारीक जाळी हवी. माकडाचा हात ओट्यापर्यंत पोचता कामा नये.

## ६. सांडपाणी

ओट्याच्या आधी सांडपाण्याचा पाइप पडला पाहिजे, कारण तो जमिनीखालून जातो. सिंक बाहेरच्या भिंतीलगत ठेवा म्हणजे पाइप खोलीभर फिरवावा लागत नाही. सिंकपासून ५० मिलिमीटरचा पाइप, उतार ४० ला १, म्हणजे १० फुटांत ३ इंच. कमी उतारात तेल गोठून पाइप तुंबतो. जमिनीखाली काटकोनाचा एल्बो टाळा, दोन पंचेचाळीस अंशांचे बसवा. भिंतीतून पाइप जिथे बाहेर पडतो तिथे तो मोठ्या पाइपच्या तुकड्यातून न्या. भिंत हलली तर पाइप फुटणार नाही.

बाहेर आधी दीड फूट चौरस, दीड फूट खोल हौद, तेल आणि खरकटं अडवायला. त्याला उचलता येईल असं झाकण. तो दर पंधरा दिवसांनी उपसून साफ करायचा. त्यापुढे शोषखड्डा, घरापासून १० फूट आणि विहिरीपासून ५० फूट लांब.

काळ्या मातीत शोषखड्डा बरेचदा चालतच नाही. खोदण्याआधी परीक्षा घ्या: एक फूट लांब-रुंद-खोल खड्डा करून पाण्याने भरा, जिरल्यावर पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी २४ तासांत जिरलं नाही तर तिथे शोषखड्ड्यावर पैसे घालू नका. सांडपाणी उथळ चरातून परसबागेत, केळी, अळू आणि कर्दळीला द्या. आरओ यंत्राचं टाकाऊ पाणी मात्र त्यात सोडू नका. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर ते खूपच खारं असतं, झाडं जळतात. भिंतीच्या पायथ्याशीही ते नको, क्षार माती फोडून काढतात.

तपासा: पाइप बुजवण्याआधी शेवटचं तोंड बंद करून पाइप पाण्याने भरा. दोन तासांत पातळी उतरली तर सांधा गळतो.

## ७. जमीन

जुनी सारवलेली जमीन ८ ते १० इंच उखडा. खाली काळी माती लागली तर आणखी एक फूट काढून मुरूम भरा. भिंतीपासून एक फुटाच्या आत खोदताना मात्र भिंतीच्या बुडाच्या खाली जायचं नाही.

भरणी: ६ इंच मुरूम, दोन थरांत, प्रत्येक थर पाणी शिंपडून धुम्मसाने ठोकलेला. १२० चौरस फुटांना ठोकलेला मुरूम ६० घनफूट लागतो, म्हणून ८० घनफूट, म्हणजे पाऊण ब्रासपेक्षा थोडा जास्त मागवा. त्यावर ३ इंच चुना आणि विटांच्या तुकड्यांचा कोबा. ओट्याखालच्या दोन-सव्वादोन फुटांच्या पट्ट्यात मात्र सिमेंट काँक्रीट (सिमेंट, रेती, गिट्टी १:४:८) घाला, वजन तिथे येणार आहे. त्या पट्ट्यापुरतं एक पोतं सिमेंट पुरतं.

वरची फरशी शहाबादी किंवा कोटा. चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स नकोत. खालची ओल त्यांतून निघत नाही, ती सरकून भिंतीत चढते, आणि पूर्वी कोरडी असलेली भिंत टाइल्स बसवल्यावर ओली झाली अशी तक्रार येते ती यामुळेच. शिवाय ओल्या पायांनी त्यांवरून घसरायला होतं. फरशी चुन्याच्या मालावर बसवा, सांधे दोन सुतांचे (पाव इंचाचे) ठेवून चुन्यानेच भरा. भिंत आणि फरशीच्या मध्ये अर्धा इंच फट सोडून ती रेतीने भरायची. पातळी लेव्हल पाइपने बघा आणि ८ फुटांना एक इंच उतार ओट्याखालच्या जाळीकडे द्या. जाळी उघडी राहू देऊ नका, उंदीर आणि साप दोन्ही तिथूनच येतात.

## ८. भिंतीचा गिलावा

माती गावची पांढरी. काळी माती वाळली की फाटते. माती चाळून तिसरा हिस्सा रेती आणि गव्हाचं कुटार (भुसा) घाला (भंडारा-गोंदियाकडे धानाचं तणस बारीक कापून), पाणी घालून आठ दिवस मुरू द्या, रोज पायाने तुडवा. मुरलेल्या गाऱ्याला आंबूस वास येतो आणि तो थापीला चिकटून राहतो. न मुरलेल्या गाऱ्याचा गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो.

सगळ्या भिंतीला लावण्याआधी कोपऱ्यात एक फूट चौरसाचे तीन तुकडे लावा: एकात रेती कमी, एकात मध्यम, एकात जास्त. चार दिवसांनी बघा. फाटला तो सोडा, बोट घासल्यावर भुकटी पडली तोही सोडा.

पहिला हात अर्धा-पाऊण इंच, भिंत खरवडून आणि पाणी शिंपडून. पूर्ण वाळल्यावर दुसरा पातळ हात. ओट्याच्या बाजूला वरून चुन्याचा ८ ते १० मिलिमीटरचा गिलावा, एक भाग भिजवलेला चुना आणि तीन भाग धुतलेली रेती. बाकी भिंतींना चुन्याचे तीन हात पुरतात. प्लास्टिक इमल्शन नको, ऑइलपेंट तर अजिबात नको.

चुना कळीचाच घ्या, पाकिटातला रांगोळीसारखा नको. वणीजवळ राजूरला चुनाभट्ट्या आहेत, त्या भागात तो सहज मिळतो. निदान १५ दिवस आधी भिजवा.

सावधान: कळीचा चुना पाण्यात पडताच उकळतो. लोखंडी पिंपात आधी पाणी घ्या आणि त्यात थोडा थोडा चुना टाका. चुन्यावर पाणी ओतू नका. प्लास्टिकची बादली वितळते. डोळ्यांवर चष्मा हवा, मुलं आणि जनावरं दूर हवीत. खारपाणपट्ट्यात चुना आणि सिमेंट दोन्हींसाठी गोडं पाणी आणा.

## ९. वीज

मातीच्या भिंतीत खाच पाडून पाइप गाडू नका. भिंत कमजोर होते आणि ओलीने सांधे खराब होतात. वायरिंग पीव्हीसी पाइपमधून भिंतीवरून, शक्य तिथे खांब आणि तुळईच्या कडेने न्या. लाकूड नसेल तिथे चार इंच लांब सागवानी खुंटी भिंतीत ठोकून तिला क्लिप मारा. नुसता खिळा महिन्यात हलतो.

दिव्यांना १.५ चौरस मिलिमीटरची वायर. मिक्सर, फ्रिजच्या सर्किटला २.५ ची, १६ अँपिअरच्या एमसीबीवर (भार जास्त झाला की आपोआप पडणारं बटण). इंडक्शन किंवा ओव्हन लावणार असाल तर त्यांना स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची, २० अँपिअरच्या एमसीबीवर. सगळ्यांच्या आधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारं उपकरण. ओल्या हातांनी काम होतं अशा खोलीत तो टाळण्याजोगा खर्च नाही.

आरसीसीबी असला तरी अर्थिंग हवंच. न्यूट्रलला अर्थ जोडून भागवणं, किंवा नळाच्या पाइपला वायर गुंडाळणं, दोन्ही जीवघेणं आहे. आठ-दहा फुटांचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप जमिनीत स्वतंत्र पुरा. उन्हाळ्यात काळी माती फाटून पाइपापासून सुटते, म्हणून मार्च ते मे दर आठवड्याला त्या खड्ड्यात बादलीभर पाणी टाका. आणि बिलावरचा मंजूर भार बघा. इंडक्शन एकटं २ किलोवॅट घेतं. गरज असेल तर महावितरणकडे भार वाढवून घ्या.

धुरासाठी पंखा: १२ × १० × १० फुटांची खोली म्हणजे साधारण ३४ घनमीटर हवा. ती तासात १५ ते २० वेळा बदलायला हवी, म्हणून खोक्यावर तासाला ५०० ते ७०० घनमीटर किंवा जास्त लिहिलेला पंखा घ्या. तो शेगडीच्या वरच्या अंगाला बसवा, आणि समोरच्या बाजूने ताजी हवा आत येण्याची वाट मोकळी ठेवा, नाहीतर तो नुसता फिरतो.

## १०. ओटा

ओटा मातीच्या भिंतीत रोवायचा नाही. तो स्वतःच्या पायांवर, विटांच्या किंवा कडप्प्याच्या उभ्या आधारांवर उभा राहिला पाहिजे. आधार दोन-अडीच फुटांवर.

त्याच्यामागे, मातीच्या भिंतीपासून एक-दीड इंच सोडून, साडेचार इंची विटांची पाठभिंत ओट्याच्या वर दोन फुटांपर्यंत बांधा. नळाचे पाइप, टाइल्स, सिंकचं पाणी, तेलाचे शिंतोडे सगळं या पाठभिंतीने झेलायचं. सिमेंट, टाइल्स जे हवं ते तिथे लावा. मातीच्या भिंतीला त्याचा स्पर्श होत नाही. मधल्या फटीत वरून दगडी पट्टी ठेवा, पट्टीखाली हवेसाठी छिद्रं आणि कडांना बारीक जाळी, म्हणजे झुरळांचं घर होणार नाही. बांधताना फटीत माल पडू देऊ नका. पडलेला माल दोन्ही भिंती जोडतो आणि ओल त्यातून चालते.

उंची स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या मापाने. कोपर वाकवून जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा, त्यातून ४ इंच वजा करा. पाच फूट उंचीच्या बाईला साधारण ३३ इंच येतात. शेगडीचा भाग आणखी ४ इंच खाली, कारण शेगडी आणि भांड्याची उंची वर येते. गवंडी सगळीकडे एकच ठरलेली उंची धरतो, त्याला हे माप भिंतीवर खुणेने दाखवा. घरात सासू-सून दोघी स्वयंपाक करतात आणि उंचीत फरक असेल तर जी जास्त वेळ उभी असते तिचं माप घ्या.

ओट्याची रुंदी दोन फूट. शेगडी आणि सिंकमध्ये निदान अडीच फूट मोकळी जागा. शेगडी खिडकीच्या थेट खाली नको, वाऱ्याने आच विझते आणि गॅस सुटत राहतो. डोक्यावर कमी उंचीचं लाकडी पाटण असेल त्या जागीही नको.

सगळा भाग ओट्याने भरू नका. चार फूट चौरस जमीन मोकळी ठेवा. विळी, पाटा-वरवंटा, पापड लाटणं, भाजी निवडणं हे बसूनच होतं, आणि घरातल्या म्हाताऱ्या बाईला उभ्या ओट्यावर काहीच करता येत नाही.

## ११. साठवण, पाणी, गॅस

भरलेली टांगती कपाटं मातीच्या भिंतीला झेपत नाहीत, कितीही लांब बोल्ट मारला तरी. कपाट जमिनीवर उभं राहणारं करा. जुने कोनाडे आणि फडताळं बुजवू नका. त्यांत कडप्प्याच्या फळ्या घालून दारं लावली की मसाले आणि डब्यांची सोय होते. नवा कोनाडा करायचा तर दोन फुटांच्या भिंतीत ९ इंचांपेक्षा खोल नको. धान्याच्या कोठ्या जमिनीपासून ४ इंच वर आणि भिंतीपासून ६ इंच लांब, मागून झाडू फिरला पाहिजे.

पाण्याची टाकी जुन्या छपरावर किंवा भिंतीवर ठेवू नका. ५०० लिटर म्हणजे ५०० किलो. बाहेर विटांचा किंवा लोखंडी स्वतंत्र चबुतरा बांधा.

सिलिंडर उभाच, शेगडीपेक्षा खालच्या पातळीवर, बंद कपाटात नाही. गॅस हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साचतो. म्हणून बाहेरच्या भिंतीत जमिनीलगत ६ × ६ इंचांचा जाळीचा झरोका ठेवा. वरच्या खिडकीने तो गॅस जात नाही. बटणं आणि फ्रिज सिलिंडरजवळ नकोत. सुरक्षा नळी दर पाच वर्षांनी बदला, तारीख तिच्यावर छापलेली असते. गळती साबणाच्या पाण्याने तपासा, काडी पेटवून कधीही नाही. वास आला तर बटणाला हात न लावता रेग्युलेटर बंद करून दारं उघडा आणि बाहेर जाऊन १९०६ वर फोन करा.

## १२. पहिला पावसाळा

काम संपल्यावर पहिल्या चार मोठ्या पावसांनंतर वळचण, खिडकीच्या वरचा पाटा आणि सांडपाण्याच्या पाइपजवळची भिंत बघा. श्रावणात पाठभिंतीमागच्या फटीत बॅटरी मारा. मातीची भिंत गडद दिसली तर सिंकचा सांधा किंवा वळचण यांपैकी एक गळतं आहे.

गिलाव्यात बारीक भेगा येतीलच. त्या त्याच मातीच्या पातळ गाऱ्याने बोटाने भरा आणि वरून चुना मारा. पुट्टी किंवा पांढरं सिमेंट भरू नका, भेग तिच्या शेजारी पुन्हा उघडते. यासाठी गिलाव्याची चाळलेली माती दोन घमेली आणि भिजवलेला चुना एक डबाभर, वर दोन इंच पाणी ठेवून, आधीच बाजूला काढून ठेवा.